आधी काय घेतलंत ते सांगा

चेन्नईतल्या माझ्या मराठी रुग्णांना, त्यांच्या घरच्यांना, आणि फोनवरून त्यांना गोळ्या सांगणाऱ्या विटा, आटपाडी, पुणे, ठाणे येथील समस्त सल्लागारांना,



ऑक्टोबरात इथला पाऊस लागला की माझ्या दवाखान्यात तापाचे रुग्ण वाढतात. मी विचारतो, ‘आतापर्यंत काय घेतलंत?’ उत्तर ठरलेले असते. ‘काही नाही डॉक्टर, नुसती डोलो.’ मी छाती तपासतो, जीभ बघतो, रक्ताच्या तपासण्या लिहायला घेतो. तेवढ्यात मागे उभी असलेली बायको किंवा मुलगा हळूच सांगतो की तीन दिवस अ‍ॅझी झाली आहे, परवापासून मेड्रोल चालू आहे आणि काल रात्री विट्याच्या भाऊजींनी सांगितलेली ‘ती एक पिवळी’ झाली. हे सगळे ‘नुसती डोलो’मध्ये बसते.

मनाने औषध घेणे आपल्याला नवे नाही. डोके दुखले की क्रोसिन, पोट बिघडले की ओवा, फार तर मेडिकलवाल्याने पुडीत बांधून दिलेल्या तीन रंगांच्या गोळ्या, एवढ्यावर आपले घरगुती ज्ञान थांबत असे. 2020 आणि 2021 या दोन वर्षांनी त्यात अँटिबायोटिक, जंताचे औषध, मलेरियाचे औषध आणि स्टिरॉइड यांची भर घातली आणि त्या सगळ्याला ‘किट’ असे भारदस्त नाव दिले. साथ ओसरली, किट कपाटात राहिले. आता डेंग्यूला तेच, फ्लूला तेच, टायफॉइडलाही तेच. म्हणून हे पत्र.

तक्रारी मांडण्याआधी एक मान्य करतो. तुम्ही हे उगाच शिकला नाहीत, शिकायला लावणारे दिवस होते. एप्रिल-मे 2020 मधली चेन्नई आठवा. कोयंबेडूच्या बाजारातून साथ शहरभर आणि जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. रुग्ण सापडला त्या घराच्या दारावर महापालिकेचा कागद चिकटत होता, काही ठिकाणी तर पत्रे ठोकले जात होते. न्यूरोसर्जन सायमन हर्क्युलस कोविडने गेले, तेव्हा त्यांचे शव दफनाला नेणाऱ्यांवर जमावाने दगड-काठ्यांनी हल्ला केला. शेवटी त्यांच्या सहकारी डॉक्टरला रात्री स्वतः माती लोटून दफन उरकावे लागले. डॉक्टरचे हे हाल, तर आपले काय होणार, असे तुमच्या मनात आले असेल तर त्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. महापालिकेची स्वयंसेवक मुलगी थर्मल स्कॅनर घेऊन दारात येण्याआधी सगळ्यांना एकेक डोलो देऊन कपाळे थंड ठेवणारी घरे मला माहीत आहेत. ताप लपवायचा म्हणजे डॉक्टरकडे जायचे नाही, आणि डॉक्टरकडे जायचे नाही म्हणजे औषध आपणच ठरवायचे. शिवाय जायचे म्हटले तरी कुठे? शहरातले कितीतरी खासगी दवाखाने तेव्हा कुलूप लावून बसले होते.

वरून येणारे इशारेही एका दिशेचे नव्हते. मार्च 2020 मध्ये आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणि बाधितांच्या घरच्यांसाठी प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मलेरियाची गोळी सुचवली, आणि त्याच आठवड्यात सरकारला त्या गोळीच्या विक्रीवर निर्बंध आणावे लागले, कारण ज्याला गरज नाही तोही ती घरात भरून ठेवू लागला होता. ल्युपसचे आणि आमवाताचे जे रुग्ण वर्षानुवर्षे त्या गोळीवर उभे होते, त्यांना ती मिळेना. महाराष्ट्रात घरोघर आर्सेनिक अल्बमच्या बाटल्या वाटल्या गेल्या. गोव्यात तर 10 मे 2021 रोजी खुद्द आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी जाहीर केले की अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला आयव्हरमेक्टिन ही जंतांवरची गोळी द्यायची, ताप असो वा नसो. लगेच जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी, म्हणजे आपल्याच चेन्नईच्या बाईंनी, संघटनेचा सल्ला पुन्हा सांगितला: हे औषध चाचण्यांच्या बाहेर वापरू नये. त्याबद्दल त्यांना वकिलांच्या एका संघटनेची कायदेशीर नोटीस मिळाली. जंताच्या गोळीला वकील मिळावा असे ते दिवस होते.

आणि आम्ही डॉक्टर? एप्रिल 2021 च्या अखेरीस किलपॉक मेडिकल कॉलेजच्या आवारात सरकारने रेमडेसिव्हिरची इंजेक्शने विकायला सुरुवात केली. सहा कुप्यांचे साधारण 9,400 रुपये. आधार कार्ड, चाचणीचा अहवाल, सीटी स्कॅन आणि डॉक्टरची चिठ्ठी असे बाड हातात धरून लोक रात्रीपासून रांगेत बसत. दुसऱ्या जिल्ह्यांतून गाड्या करून येत. ज्याच्या घरी रुग्ण तळमळतो आहे, त्याने मेच्या उन्हात दुसऱ्या शेकडो माणसांना खेटून उभे राहायचे. गर्दी आवरेना म्हणून विक्री नेहरू स्टेडियमवर नेली, आणि काही दिवसांतच ती बंद करून औषध थेट रुग्णालयांना द्यायचे ठरले. ते पहिल्या दिवसापासून तसेच करता आले असते. पण त्या रांगेतल्या प्रत्येक हातातली चिठ्ठी डॉक्टरने लिहिलेली होती हे मी विसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच सांगितले होते की या औषधाने जीव वाचतो असा पुरावा हाती नाही. तरीही चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. तेव्हा ‘तुम्हीच शिकवलंत’ असे तुम्ही मला म्हणालात, तर त्यात निम्मे खरे आहे.

उरलेल्या निम्म्याबद्दल आता बोलतो.

पहिली तक्रार त्या बिचाऱ्या डोलोबद्दलच. ती औषध नाहीच, चहासारखी काहीतरी आहे, असा तुमचा समज झाला आहे. गोळीत 650 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. दिवसातून चार घेतल्या की 2,600. बरोबर सर्दीची म्हणून दुसऱ्या नावाची गोळी तीन वेळा घेतलीत. तिच्यातही बहुधा 500 पॅरासिटामॉल असते, म्हणजे आणखी 1,500. बेरीज 4,100 झाली. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4,000 आहे, आणि रोज संध्याकाळी ‘थोडी’ घेणाऱ्याच्या किंवा चार दिवस जेवण न गेलेल्याच्या यकृताची त्याहून बरीच खाली. पाकिटावरचे मोठे नाव वाचू नका, त्याखाली बारीक अक्षरात काय लिहिले आहे ते वाचा. दोन पाकिटांवर एकच बारीक नाव असेल तर एक बाजूला ठेवा. आणि डेंग्यूच्या दिवसांत अंग ठणकते म्हणून ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, अ‍ॅस्पिरिन यांतले काही घेऊ नका. प्लेटलेट उतरत असताना या गोळ्या रक्तस्रावाला वाट करून देतात.

दुसरी तक्रार अ‍ॅझिथ्रोमायसिनची. कोविड विषाणूचा आजार होता. ही गोळी जिवाणूंसाठी असते. 2020 च्या अखेरीस ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसले की रुग्णालयातल्या कोविड रुग्णांना तिचा काही उपयोग झाला नाही, आणि पुढच्या महिन्यात घरी राहिलेल्या रुग्णांच्या चाचणीतही तेच निघाले. पण तोवर आपण तिचे काय केले होते? भारतातल्या औषधविक्रीच्या आकड्यांवरून केलेला एक अभ्यास सांगतो की जून ते सप्टेंबर 2020 या चार महिन्यांत नेहमीपेक्षा सुमारे 21 कोटी 64 लाख जादा डोस अँटिबायोटिकचे खपले, त्यांतले 3 कोटी 80 लाख एकट्या अ‍ॅझिथ्रोमायसिनचे.

‘घेतली तर घेतली, नुकसान काय?’ असे तुम्ही विचारता. नुकसान टायफॉइडमध्ये दिसते. आपल्याकडच्या टायफॉइडच्या जिवाणूने एकेक औषध पचवले आहे. तोंडाने घेण्यासारखी जी थोडी उरली त्यांत अ‍ॅझिथ्रोमायसिन आहे. ती गेली की साध्या टायफॉइडला सलाईन लावून इंजेक्शने द्यावी लागतील, आठ-दहा दिवस, आणि खर्च तुमचाच. तुम्ही तीन गोळ्यांच्या पाकिटातली दोन घेऊन ताप उतरला म्हणून तिसरी जपून ठेवता, तेव्हा ती पुढच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून ठेवता. पुढच्या वेळी ती उपयोगी न पडण्याची व्यवस्थाही त्यातच होत असते.

ही चिंता या शहराला फार आधीपासून आहे. 2010 मध्ये ‘एनडीएम-1’ या औषध पचवणाऱ्या जनुकाच्या फैलावावर जगभर गाजलेला शोधनिबंध निघाला, त्याचे पहिले लेखक मद्रास विद्यापीठातले कार्तिकेयन कुमारसामी होते आणि त्यातले बरेच नमुने चेन्नईचे होते. ऑगस्ट 2012 मध्ये डॉ. अब्दुल गफूर यांच्या पुढाकाराने देशभरच्या वैद्यकीय संघटना इथे जमल्या आणि ‘चेन्नई डिक्लरेशन’ निघाले. त्यातला शहाणपणा असा, की एका रात्रीत सगळी अँटिबायोटिके चिठ्ठीशिवाय बंद करा असे त्यांनी म्हटले नाही. खेड्यापाड्यांत डॉक्टर नाहीत, तिथे लोक मरतील, हे त्यांना कळत होते. निदान शेवटच्या फळीची औषधे तरी आवरा, एवढेच म्हटले. 1 मार्च 2014 पासून लागू झालेली एच-1 यादी त्याच विचारातून आली. त्या यादीतले औषध विकताना दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वहीत लिहायचे आणि वही तीन वर्षे जपायची. अ‍ॅझिथ्रोमायसिन त्या यादीत नाही, पण चिठ्ठीशिवाय द्यायची तीही नाहीच. पाकिटाच्या कडेला तांबडी उभी रेघ असते ती याच्यासाठी. ती शोभेची नाही.

तिसरी तक्रार सगळ्यांत मोठी आहे, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहू द्या, कारण यात माणसांचे डोळे गेले आहेत.

16 जून 2020 रोजी ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त, दहा-वीस रुपयांचे स्टिरॉइड रोज 6 मिलिग्रॅम, दहा दिवसांपर्यंत दिले, तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांतले सुमारे एक पंचमांशाने घटले. या साथीतली ही पहिली खरी चांगली बातमी. पण त्याच निकालात तिसरी ओळ होती: ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काही फायदा झाला नाही, उलट आकडा नुकसानीकडेच झुकलेला होता. पहिल्या दोन ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्या. तिसरी कुणी फॉरवर्ड केली नाही.

कारण समजून घ्या. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो आणि शरीर त्याच्याशी लढत असते. स्टिरॉइड त्या लढणाऱ्यांचेच हात बांधते. दुसऱ्या आठवड्यात काही जणांमध्ये लढाई हाताबाहेर जाते, फुप्फुसात नुसती आग होते, तेव्हा ती विझवायला स्टिरॉइड लागते. औषध एकच, पाच-सहा दिवसांच्या फरकाने त्याचे काम उलटे होते. आणि त्याची भुरळ अशी की घेतल्याबरोबर बरे वाटते. ताप उतरतो, भूक लागते, अंगात हुशारी येते. रुग्ण म्हणतो, ‘बघा, मेड्रोलने कसा फरक पडला.’ आत साखर तीनशे-चारशेवर गेलेली असते. ज्याला आपल्याला मधुमेह आहे हे माहीतच नाही, तोही त्यात असतो.

मे 2021 मध्ये तमिळनाडू सरकारने म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार नोंद बंधनकारक असलेला आजार म्हणून जाहीर केला. ती बुरशी एरवी भाजीपाल्याच्या कुजक्या पानावर, मातीत, हवेत सगळीकडे असते आणि कुणाला काही करत नाही. वाढलेली साखर आणि स्टिरॉइडने दबलेली प्रतिकारशक्ती एकत्र आली की ती नाकातून गालाच्या हाडात, डोळ्यांत आणि तिथून मेंदूत जाते. एका गृहस्थांना मी त्या महिन्यात बघितले. वय पन्नाशीच्या आतबाहेर, टाळूवर आठ आण्याएवढा काळा डाग, डाव्या गालाला स्पर्श कळत नव्हता. कोविड सौम्य होता, ऑक्सिजन कधीच उतरला नव्हता. घरीच होते. स्टिरॉइड कुणी दिले विचारले तर खिशातून मोबाईल काढून त्यांनी चिठ्ठीचा फोटो दाखवला. चिठ्ठी त्यांच्या मेहुण्याची होती. मेहुणा सांगली जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनवर होता, तिथल्या डॉक्टरने त्याच्यासाठी योग्य तेच लिहिले होते आणि तो बराही झाला. त्या चिठ्ठीतली एकही गोळी चुकीची नव्हती. यांचा डावा डोळा काढावा लागला.

म्हणून विट्या-आटपाडीच्या सल्लागारांनो, तुमच्याशी थेट बोलतो. तुमचा जीव तुटतो म्हणून तुम्ही फोटो पाठवता, हे मला ठाऊक आहे. सावकारपेठेतल्या सोने गाळणाऱ्या गलाईवाल्या बांधवांची अडचणही मी जाणतो. कारखान्याच्या माळ्यावर चार-पाच जण एकत्र राहणार, भाषा मोडकीतोडकी, इथल्या डॉक्टरला ‘कसकस’ आणि ‘मुरडा’ तमिळमध्ये कसा सांगायचा? त्यापेक्षा गावाकडचा फोन बरा. तर गावाकडच्या डॉक्टरशी जरूर बोला. मार्च 2020 पासून फोनवरून सल्ला देण्याचे रीतसर नियम आहेत, त्यात बेकायदा काही नाही. पण त्या डॉक्टरशी रुग्ण बोलला पाहिजे, त्याने याची साखर, याचे वजन, याची किडनी विचारली पाहिजे आणि याच्या नावाने चिठ्ठी दिली पाहिजे. कसोटीवर घासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या सोन्याचा भाव तुम्ही सांगत नाही, आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीवर स्टिरॉइड गिळता, हे मला खरोखर समजत नाही.

‘आम्हाला थोडंफार कळतं’ हा युक्तिवादही मी ऐकतो, विशेषतः शिकलेल्यांकडून. मे 2020 मध्ये याच शहरात, टी. नगरला, खोकल्याचे औषध बनवणाऱ्या कंपनीतल्या एका अनुभवी फार्मासिस्टने कोविडवर उपाय म्हणून एक रसायन तयार केले. सोडियम नायट्रेट बाजारातून आणले होते. परिणाम बघायला त्याने ते स्वतः प्यायले आणि तो गेला. त्याच्या मालकाने थोडेसेच चाखले होते, तो बेशुद्ध पडून वाचला. सगळी कारकीर्द औषधांत गेलेला माणूस होता तो.

काढ्याबद्दल लिहायचे टाळणार होतो, कारण त्यावर बोलले की लोक दुखावतात. पण टाळले तर पत्र अपुरे राहील. तमिळनाडूने कोविडमध्ये कबसुर कुडिनीर हा सिद्ध वैद्यकातला पंधरा घटकांचा काढा वाटला, त्याआधी डेंग्यूत निलवेंबू कुडिनीर वाटले. आपल्या घरांत गुळवेल, ज्येष्ठमध, दालचिनी, काळी मिरी उकळत राहिली. मी त्याला नावे ठेवणार नाही. ठेवली तर तुम्ही पिणे सोडणार नाहीच, फक्त मला सांगणे सोडाल. पण ‘झाडपाल्याचं आहे, अपाय नाही’ हे वाक्य खरे नाही. ज्येष्ठमध महिनोन्महिने घेतले तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. मुंबईत 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद तज्ज्ञ लढवोत. माझ्यासमोर कावीळ झालेला माणूस बसला असताना तो रोज सकाळी गुळवेलीचा पेलाभर रस पितो हे मला कळायला नको का? आणि ज्यांना जाहिरातीचा फार भरवसा आहे त्यांच्यासाठी एक किस्सा. पतंजलीच्या ‘कोरोनिल’वर ऑगस्ट 2020 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दहा लाखांचा दंड ठोठावला होता, कारण तेच नाव चेन्नईतल्या एका कंपनीने 1993 पासून यंत्रांचा गंज रोखणाऱ्या रसायनासाठी नोंदवलेले होते. लोकांच्या भीतीचा फायदा घेऊन नफा कमावण्याबद्दलही न्यायमूर्तींनी सुनावले. पुढे खंडपीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली, पण कारखान्यातले बॉयलर त्या नावाने आधीच निरोगी होते.

आपल्या तंजावरच्या सरफोजीराजांची या संदर्भात आठवण येते. 1798 ते 1832 या त्यांच्या कारकिर्दीत धन्वंतरी महालात आयुर्वेदाचे वैद्य, सिद्ध वैद्य, हकीम आणि इंग्रजी पद्धतीचे डॉक्टर एकाच छपराखाली काम करत. त्यांच्यातले कोण बरोबर होते हा माझा मुद्दा नाही. राजांनी त्यांना लिहायला लावले. कुणाला काय झाले, काय दिले, पुढे काय झाले. डोळ्यांच्या रुग्णांच्या तर चित्रांसह नोंदी ठेवल्या. त्या सरस्वती महाल ग्रंथालयात टिकल्या आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी त्या अभ्यासल्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाला कोणते औषध घातले हे आज वाचता येते. माझ्या समोरच्या रुग्णाने परवा काय घेतले ते मला कळत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. घरी राहून औषध घ्यायला माझा विरोध आहे असे कृपा करून समजू नका. घरी उपचार होऊ शकतात हे जगाला याच शहराने दाखवले. 1956 मध्ये इथे क्षयरोगाचे केमोथेरपी सेंटर निघाले, आज चेतपेटला क्षयरोग संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे ती तीच. वॉलेस फॉक्स नावाचे इंग्रज डॉक्टर तिचे प्रमुख होते. तेव्हा क्षय झाला की सॅनेटोरियममध्ये वर्षभर राहायचे, दूध-अंडी खायची, विश्रांती घ्यायची अशी पद्धत होती, आणि गरिबाला त्यातले काहीच परवडत नव्हते. या लोकांनी 193 रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्मे सॅनेटोरियमला आणि निम्मे त्यांच्या त्यांच्या घरी, मद्रासच्या दाटीच्या वस्त्यांत. दोघांना औषधे तीच. वर्षाअखेरीस दोन्हीकडचे निकाल जवळजवळ सारखे निघाले. घरातल्या माणसांना जास्त लागण झाली असेही दिसले नाही. 1959 मध्ये हे छापून आले आणि पुढे जगभरची सॅनेटोरियमे बंद पडत गेली.

पण ते घर कसे होते? तिथे केंद्राची माणसे न सांगता जाऊन थडकत, डब्यातल्या गोळ्या मोजत, औषध खरोखर पोटात गेले का हे बघायला लघवीची तपासणी करत. फॉक्स यांनी 1958 मध्ये एक लेखच लिहिला, रुग्णाने स्वतःच्या हाताने औषध घेण्यात काय अडचणी येतात यावर. रुग्ण खोटारडे असतात असे त्यांचे म्हणणे नव्हते. बरे वाटले की माणूस औषध सोडतो, त्रास झाला की सोडतो, आणि विचारले की घेतले म्हणतो, हे त्यांनी मोजून पाहिले होते. पुढे डॉक्टर किंवा नर्ससमोर गोळी घ्यायची पद्धत आली तिची मुळेही या मद्रासच्या कामात आहेत.

घर चालते, हिशेब ठेवणारा कुणी असला तर. कोविडमध्ये तुमच्याकडे घर होते, गोळ्या होत्या, ऑक्सिमीटरही होता. हिशेब कुणाकडे नव्हता.

तेव्हा माझ्या मागण्या. तुम्ही मनाने एकही गोळी घेऊ नये अशी मागणी मी करणार नाही, कारण ती तुम्ही पाळणार नाही. ताप आल्यावर पहिले दोन दिवस पॅरासिटामॉल घ्या, पाणी-पेज घ्या, झोपा. ताप तिसऱ्या दिवशीही असेल, दम लागत असेल, ऑक्सिजन 94 च्या खाली गेला असेल, लघवी कमी झाली असेल, कुठून रक्त आले असेल किंवा माणूस बरळत असेल तर या, रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात जा. घरात एक कागद ठेवा आणि त्यावर फक्त वेळ, ताप आणि काय घेतले एवढे लिहा. मराठीत लिहा, मला वाचता येते. कपाटातले जुने किट बाहेर काढा. त्यातली स्टिरॉइडे आणि अर्धवट उरलेली अँटिबायोटिके शेजाऱ्याला देऊ नका, गावी पाठवू नका. माझ्याकडे आणून टाका, दवाखान्याच्या कचऱ्यातून त्यांची विल्हेवाट लावता येते. ताप असताना लेव्होफ्लॉक्सासिन तर मनाने कधीच नको. ते क्षयालाही थोडे दाबते आणि निदान महिना-दोन महिने मागे पडते.

आणि दवाखान्यात येताना पिशवी घेऊन या. त्यात सगळे असू द्या: गोळ्या, काढ्याची पुडी, होमिओपॅथीची बाटली, मेहुण्याच्या चिठ्ठीचा फोटो. टेबलावर उपडी करा. मी रागावणार नाही, हा शब्द. रागावलो तर फी देऊ नका.

 

आपला,
चेन्नईतला एक मराठी डॉक्टर

ता. क. : मेड्रोल, डेक्सा, प्रेडनिसोलोन किंवा दुसरे कुठलेही स्टिरॉइड दोन-तीन आठवड्यांहून जास्त दिवस चालू असेल, तर हे पत्र वाचून ते एकदम बंद करू नका. एवढ्या दिवसांत शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे थांबवलेले असते, अचानक सोडले तर रक्तदाब पडून जिवावर बेतू शकते. ते हळूहळू कमी करावे लागते. आधी डॉक्टरला दाखवा.